सेजमधून गॅप: वेग आणि उत्तराचा प्रकार

फोंड्याहून प्रश्न: सेज (गणिताचं सॉफ्टवेअर) वापरतो, त्याच्या लूपमधून गॅपला (ग्रुपांची गणितं करणाऱ्या दुसऱ्या प्रणालीला) हजारो वेळा हाक मारतो. फार रेंगाळतं. उत्तरावर सेजची फंक्शनंही चालत नाहीत. काय करू?

म्हापसा: सेजमधला जुना गॅप इंटरफेस (जोडणी) वेगळी प्रोसेस चालवून मजकुराची देवाणघेवाण करतो, म्हणून दर हाकेला हेलपाटा. लिबगॅप वापर बाबा, ते म्हणजे लायब्ररीच्या रूपातलं गॅप, सेजच्याच प्रोसेसमध्ये चालतं. पण उत्तर गॅपची वस्तूच असते: पाचच्या सिमेट्रिक ग्रुपची (पाच वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींची) ऑर्डर, म्हणजे घटकांची संख्या, १२० दिसली तरी तो सेजचा पूर्णांक नव्हे. उत्तरापुढे डॉट, सेज आणि रिकामा कंस, म्हणजे .sage(), लाव, की ते सेजचं होतं. आणखी एक: यादीतल्या पहिल्या घटकाचा क्रमांक गॅपमध्ये १, लिबगॅपमध्ये ०. इथंच बहुतेकांची फसगत.

मडगाव: मॅक्सिमाची (सेज इंटिग्रलसाठी वापरतं त्या प्रणालीची) खोड वेगळी. इंटिग्रलमध्ये ‘ए (चल) धन आहे का?’ असं मॅक्सिमा अडलं की सेज एरर देतं. आधी अझ्यूम (assume) लावून तसं गृहीत धर, नंतर आठवणीनं फरगेट (forget) लावून ते काढून टाक.