‘हिम कमिंग’ का ‘हिज कमिंग’? आणि ‘टू’च्या पुढं ‘मीटिंग’ कसं काय?

खानापूरचा_झेरॉक्सवाला

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. अर्ज, ॲफिडेव्हिट, बायोडेटा, लग्नपत्रिका, जे येईल ते टाईप करून देतो. मराठीत माझी चूक कुणी काढत नाही, कानडीत अधूनमधून काढतात. इंग्रजीत मात्र या पंधरवड्यात तीनदा तोंडावर आपटलोय, आणि तिन्ही वेळा त्या ‘इंग’नंच घात केला.

पहिलं. जांबोटीकडच्या एका पालकाचा शाळेसाठी अर्ज. पावसानं बस उशिरा येते, पोराला माफ करा, एवढाच मजकूर. मी टाईप केलं, ‘प्लीज एक्स्क्यूज हिम कमिंग लेट’. सरांनी ‘हिम’ला लाल गोल मारून ‘हिज’ केलं. आता ‘एक्स्क्यूज हिम’ बरोबर, मग पुढं ‘कमिंग’ आलं की ‘हिम’ला काय झालं?

दुसरं. बेळगावच्या उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यांच्या भागात, मुलाखतीला जाणाऱ्या एका पोराचं पत्र. शेवटी घातलं, ‘आय लुक फॉरवर्ड टू मीट यू’. त्याचा बेंगळूरचा मित्र म्हणे ‘टू मीटिंग यू’ पाहिजे. अहो, ‘टू’च्या पुढं पहिलं रूप, हे तर आम्ही पाचवीपासून घोकलंय!

तिसऱ्यानं झोप उडाली. अपघात बघितलेल्या एका दुकानदाराचा विम्यासाठी जबाब होता. ‘व्हाइल क्रॉसिंग द रोड, अ टेम्पो हिट हिम’ असं मी लिहिलं. एजंटानं कागद परत पाठवला, वर विचारतोय, ‘रस्ता टेम्पो ओलांडत होता का माणूस?’ चारचौघांत हसं झालं हो. मोबाईलला विचारलं की तो दुरुस्त करून देतो, पण का ते सांगायला लागला की दोन पानं. गिऱ्हाईक उभं असताना वाचायचं कधी? कुणी नीट सांगेल काय?

निपाणीचे_मास्तर

एकतीस वर्षं सीमाभागातल्या मराठी शाळांत इंग्रजी शिकवलं, त्यामुळं राहवत नाही.

आधी मूळ बघा. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन निराळी शेपटं होती. क्रियापदाचं नाम करणारं ‘उंग’ किंवा ‘इंग’, आणि विशेषणासारखं वापरायचं ‘एंडे’. पुढं बोलण्यात घासून घासून दोन्ही ‘इंग’च झाली. आपण मराठीत मात्र खाती वेगळी ठेवली: येणं, येणारा, येताना, येत आहे. इंग्रजी या चौघांना एकच ‘कमिंग’ चिकटवते. म्हणून कागदावर ‘कमिंग’ दिसलं की आधी मनात मराठी करायचं.

‘त्याचं उशिरा येणं माफ करा’. येणं हे नाम, म्हणून त्याच्या मागं ‘त्याचं’. तेच ‘हिज कमिंग’. माफी येण्याला आहे. पण ‘आय सॉ हिम कमिंग’ बघा: मी त्याला येताना बघितलं. इथं बघितलं माणसाला, त्यामुळं ‘हिम’च. इथं ‘हिज’ घातलंत तर मी तुम्हाला लाल गोल मारीन.

आता तुमच्या बाजूनं. ‘एक्स्क्यूज हिम कमिंग लेट’ असं इंग्रज सर्रास बोलतो. इंग्रजी कसं वापरावं याचा कोश लिहिणाऱ्या फाउलरनं 1926च्या त्या कोशात या रचनेला ‘फ्यूज्ड पार्टिसिपल’ (नामाला चिकटवून टाकलेलं ‘इंग’) म्हणून झोडपलं होतं, आणि डेन्मार्कचा भाषाशास्त्रज्ञ येस्पर्सन तिच्या बाजूनं उभा राहिला होता. तुमचा वाद शंभर वर्षांचा आहे, त्यात लाज वाटायचं कारण नाही. अर्जात ‘हिज’ ठेवा, बोलताना ‘हिम’ चालतं. वाक्याची सुरुवातच तिथून होत असेल तर मात्र ‘हिज’ बरं: ‘हिज कमिंग लेट इज नॉट न्यू’. आणि सगळ्यात बिनधोक म्हणजे ‘एक्स्क्यूज हिम फॉर कमिंग लेट’. मध्ये ‘फॉर’ आला की भांडणच मिटलं, माफी त्याला आणि कारण येणं.

बसला वगैरे ‘चं’ दाखवणारा ‘ज’ (अपॉस्ट्रॉफी एस) लावत बसू नका. ‘बिकॉज ऑफ द बस कमिंग लेट’ असंच सगळे लिहितात.

टेम्पोचं रात्री लिहितो, आत्ता लाईट गेलीय.

चिकोडीची_सून

माहेर कानडी, सासर मराठी, घरी शिकवणी घेते. मास्तरांचं वाचून एक कोडं सुटलं. कानडीत आम्ही म्हणतो ‘अवनु तडवागि बरुवुदु’, शब्दाला शब्द ‘तो उशिरा येणं’. त्यात ‘अवनु’ म्हणजे ‘तो’, ‘त्याचं’ नव्हे. म्हणून माझी कानडी मुलं बिनदिक्कत ‘ही कमिंग लेट इज अ प्रॉब्लेम’ लिहितात. मराठी मुलांना नुसतं ‘मराठीत विचार कर’ म्हटलं की ‘हिज’ आपोआप येतं. बाकी बाबतीत उलटं असतं, ते इथं काढत नाही, नाहीतर धागा भलतीकडं जाईल!

भाऊ, तुमच्या ‘टू’चं सांगते. ‘टू’ दोन आहेत. ‘टू’च्या पुढं ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं, खाण्याचं ‘ईट’ नव्हे) ठेवून बघायचं. ‘आय लुक फॉरवर्ड टू इट’ चालतं, म्हणजे हा ‘टू’ शब्दयोगी आहे, त्याला पुढं नाम पाहिजे, म्हणून ‘मीटिंग’. ‘आय वॉन्ट टू इट’ चालत नाही, म्हणून ‘टू मीट’. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ चालतं, म्हणून ‘यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, लवकर उठायची सवय आहे. पण ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी उठत होतो, आता दहापर्यंत लोळतो. एक ‘ॲम’ गेला की माणूस आळशी.

आपल्याकडं शब्दयोगी लागताना ‘णं’चं ‘ण्या’ होतं ना? भेटण्याबद्दल, भेटण्याशिवाय, भेटण्याआधी. इंग्रजीत तेच: ‘अबाउट मीटिंग’, ‘विदाउट मीटिंग’, ‘बिफोर मीटिंग’. फक्त ‘भेटण्यासाठी’ला जपा. आपण पटकन ‘आय हॅव कम फॉर मीटिंग यू’ करतो. ज्या हेतूनं आलो तो सांगायचा तर ‘टू मीट यू’. इथं मराठी दगा देते.

टिळकवाडी_ते_पुणे

आमच्या ऑफिसात याचा भाऊबंद घडला. गावाकडचा नवीन पोरगा येणार होता, मी मेसेज टाकला, ‘ॲम पिकिंग अप यू फ्रॉम स्टेशन’. दोन दिवस सगळे मला ‘पिकिंग अप यू’ म्हणून हाक मारायचे. ‘पिक अप’सारख्या जोडीत सर्वनाम मध्येच बसतं: ‘पिकिंग यू अप’. पार्सल असेल तर ‘पिकिंग अप द पार्सल’ चालतं, ‘पिकिंग द पार्सल अप’ पण चालतं, पण ‘इट’ असेल तर मध्येच.

म्हणून सगळीकडं मध्ये कोंबायचं नाही. ‘वेटिंग फॉर यू’, ‘लुकिंग आफ्टर हर’, इथं सर्वनाम शेवटीच. मी असं तपासतो: दोघांत एखादा शब्द घुसतो का? ‘वेटिंग पेशंटली फॉर यू’ घुसला, म्हणजे ‘फॉर’ हा ‘यू’चा माणूस. ‘पिकिंग क्विकली अप’ कसं वाटतं? घशात अडकतं, म्हणजे ‘अप’ हा ‘पिक’चा माणूस.

निपाणीचे_मास्तर

लाईट आली. टेम्पो.

झेरॉक्सवाले, तुमचं वाक्य हे पक्कं मराठी वाक्य आहे, फक्त इंग्रजी कपड्यांत. ‘रस्ता ओलांडताना त्याला टेम्पोनं धडक दिली.’ यात कुणाला शंका येते? ‘ताना’चा कर्ता ‘त्याला’मध्ये बसलेला आपल्याला चालतो, अर्थावरून कळतं. इंग्रजी तेवढी समजूतदार नाही. सुरुवातीला ‘क्रॉसिंग’ टाकलं की ते पुढच्या कर्त्याच्या गळ्यात पडतं, आणि तुमचा कर्ता आहे टेम्पो. म्हणून ‘व्हाइल ही वॉज क्रॉसिंग द रोड, अ टेम्पो हिट हिम’.

उलटीकडं गोंधळ आपला. ‘मी त्याला बसमधून उतरताना बघितलं’, कोण उतरत होतं? मराठीत दोघंही. इंग्रजीत ‘आय सॉ हिम गेटिंग ऑफ द बस’ म्हटलं की तो, ‘गेटिंग ऑफ द बस, आय सॉ हिम’ म्हटलं की मी. तिथं शब्दाची जागाच साक्ष देते.

‘रिगार्डिंग युअर लेटर’ला हा कायदा लावू नका. ‘रिगार्डिंग’, ‘कन्सिडरिंग’ ही मंडळी कधीच शब्दयोगी होऊन बसली, त्यांना कर्ता कुणी विचारत नाही.

एक शंका. दुकानदारानं अपघात कुठून बघितला, ते कसं लिहिलंय?

खानापूरचा_झेरॉक्सवाला

‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड फ्रॉम माय शॉप’.

निपाणीचे_मास्तर

बघा, म्हणजे तो तुमच्या साक्षीदाराच्या दुकानातूनच निघून रस्ता ओलांडत होता असंही वाचता येतं. उद्या विमावाले विचारतील, ‘तुमच्याकडं काय घ्यायला आला होता?’ ‘फ्रॉम माय शॉप’ उचला आणि आधी ठेवा: ‘फ्रॉम माय शॉप, आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’.

खानापूरचा_झेरॉक्सवाला

सर, ताई, भाऊ, लई उपकार झाले. ‘इट’ची युक्ती कीबोर्डच्या वर चिकटवून ठेवलीय. शाळेचा अर्ज ‘फॉर कमिंग लेट’ करून दिला, सरांनी गोल मारला नाही. मुलाखतीच्या पोराला ‘टू मीटिंग यू’ करून परत प्रिंट दिली, पैसे घेतले नाहीत.

जबाब नवीन टाईप केला, ‘ही वॉज’ घातलं, ‘फ्रॉम माय शॉप’ पुढं आणलं, तीनदा वाचला. दुकानदार सही करायला आला. त्याला इंग्रजी येत नाही, बोट फिरवत फिरवत बघितलं आणि म्हणाला, ‘हे सगळं खरं, पण टेम्पोचा नंबर कुठाय?’ परत टाईप करायलोय.