बुलेटचं इंजिन बांधून झालंय, पहिली किक मारायच्या आधी काय काय बघू?

काळी_३५०
वडिलांची कास्ट आयर्न ३५०, उजवीकडे गिअर डावीकडे ब्रेकवाली, पॉइंटची (जुनं इग्निशन, इलेक्ट्रॉनिक नाही). बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) नवीन, बोअर करून पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग सगळं झालं, इंजिन फ्रेममध्ये चढवलंय. मिस्त्री म्हणतात ऑइल भरा, किक मारा, चालू झाली की अर्धा तास स्टँडवर सोडा, आपोआप सेट होते. मला काय ते पटेना. रविवारी चालू करायचीय, सांगा कुणीतरी.

खटपट्या
थांब जरा, किक नंतर. या गाडीत बिग एंडला फ्लोटिंग बुश (तेलावर तरंगत फिरणारी धातूची कडी) असतो, रोलर नाही (बदलून टाकला असेल तर वेगळं), आणि बुश कोरडा फिरला की गेलाच समज. टायमिंग कव्हरमधल्या फिल्टरच्या खोलीत आधीच तेल भर. मग प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, फिल्टरच्या टोपणाचा नट ढिला कर आणि किक मारत रहा. आधी बुडबुडे येतील, मग नुसतं तेल, तेव्हा नट आवळ. पुष्कळजण वर हेडमधल्या रॉकरकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपचा बँजो बोल्ट ढिला करून तेल आलं की खूश होतात, पण त्यातनं पंप फिरतोय एवढंच कळतं, बिग एंडला पोचलं असं नाही.

काळी_३५०
बरं. पण टोपण ढिलं केल्यावर तेल गळणार ना सगळं?

खटपट्या
सांडेल थोडं, खाली ट्रे ठेव. एक विचारायचं राहिलं, कव्हर बसवताना क्रँकच्या टोकाला लागणारा कॉर्कचा सील नवीन टाकलाय का? मिस्त्रीला विचारच. जुना चपटा झालेला असेल तर फिल्टरपर्यंत तेल मस्त येतं आणि तिथनं पुढं बिग एंडकडे न जाता टायमिंगच्या बाजूलाच निसटून खाली संपमध्ये (इंजिनच्या तळाला) जातं. दहा-वीस रुपयांच्या वस्तूपायी अख्खा क्रँक परत उघडायचा म्हणजे काय सांगू.

लेथवाला_सांगली
वरचं बरोबर. त्यात भर, पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुशरॉडचा गॅप) थंड इंजिनवर, पिस्टन कंप्रेशनला वर असताना, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली हलायला नको. किक मारताना ॲम्पीअर मीटरकडे बघ, किक जड लागली की डीकंप्रेशर (सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) दाबून हळू सरकव, काटा मायनसवरनं मधे आला की डीकंप्रेशर सोड, किक वर येऊ दे आणि मग एकच पूर्ण किक. रागानं मारलीस तर पाय जाईल 😄

आणि ते अर्धा तास स्टँडवर अजिबात नको. एअर कूल्ड इंजिन, उभ्या गाडीला वारा कुठनं मिळणार? वर रिंगांना लोड नाही म्हणजे त्या बसतही नाहीत. दोनचार मिनिटं चालव, गळती बघ, बंद कर, पूर्ण गार होऊ दे. मग हेडचे नट आणि टॅपेट परत बघून रस्त्यावर काढ, हलका लोड, थ्रॉटल कमीजास्त करत, ५० च्या आत. चढाला टॉप गिअरमध्ये कुथवू नकोस. साधं मिनरल २०डब्ल्यू५० टाक आणि पहिलं तेल लवकर काढ, धातूच्या कणांची चकाकी दिसेल त्यात, थोडी असतेच.

काळी_३५०
मिस्त्रींना फोन केला, कॉर्क जुनाच बसवलाय म्हणे, "चांगला होता". उद्या कव्हर उघडतोय, रविवार गेला.

खटपट्या
जाऊ दे रविवार. उघडतोच आहेस तर कव्हरचं पॅकिंगपण नवीन घे, आणि कॉर्क बसवायच्या आधी तेलात बुडवून ठेव.