फिरतीची नोकरी आणि अंगावरचं दूध : तुमचे अनुभव लिहा

रजा संपवून कामावर जाणाऱ्या आईसाठी सल्ले भरपूर असतात, पण ते सगळे धरूनच चालतात की बाई संध्याकाळी घरी असणार. ज्यांच्या नोकरीतच फिरती आहे, आज इथे, परवा तिसरीकडे, मधे मुक्काम, त्यांनी कसं निभावलं हे एका जागी यावं म्हणून हा धागा. दूध काढायचा पंप, साठवण, विमानतळ, घरच्यांचे टोमणे, काहीही लिहा. "सहा महिने झाले ना, मग तोड आता" हे मीही खूप ऐकलंय. जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या खाण्यासोबत 2 वर्षं किंवा जास्त असं सांगते, म्हणजे सहाव्या महिन्यात वरचं सुरू करायचं असतं, अंगावरचं बंद नाही.

मी ऑडिटमध्ये. मुक्कामाला गेलं की सगळ्यात अवघड काय, तर दूध काढायला मीटिंगमधून उठणं. सुरुवातीला कारणं द्यायचे, फोन आलाय वगैरे, मग कंटाळून कॅलेंडरमध्ये दर 3 तासांनी 'बिझी' टाकायला लागले आणि क्लायंटला आधीच मेल, की मला आतून कडी लागणारी खोली आणि एक प्लग लागेल. कशासाठी ते कोणी विचारलं तर सांगते, लाजायचं काय त्यात. वेळ चुकवायची नाही हे मात्र पक्कं, कारण दूध साठून राहिलं की गरज नाही असं समजून शरीर बनवणं कमी करतं, त्याला आपली डेडलाइन कळत नाही.

*

मी सर्व्हिस इंजिनिअर, साइटवर मशीनं बसवायला जाते. तिथे खोली कसली आणि प्लग कसला. एकदा पंपची बॅटरी गेली, दोन्ही बाजू दाटून टणक, हात वर करवेना. नर्सने मागे शिकवलेलं तेव्हा कामी आलं. अंगठा वर आणि बोटं खाली, काळसर भागाच्या थोडं मागे, आधी आत छातीकडे दाबायचं आणि मग दोन्ही जवळ आणायचे, कातडीवरून घसरवायचं नाही, टोक तर ओढायचंच नाही. पहिली दोनचार मिनिटं थेंब थेंब, आपल्याला वाटतं काही होत नाहीये, मग एकदम धारा लागतात. फोनवर लेकाचा व्हिडिओ लावला की पान्हा लवकर फुटतो, हे खूळ नाही, ऑक्सिटोसिन या हार्मोनचं काम आहे. आता बॅगेत हाताचा साधा पंप असतोच पण खरं सांगू तर हातानेच पटकन होतं. आणि फ्लँजचं, म्हणजे पंपच्या छातीला लावायच्या नरसाळ्याचं, माप बघा बायांनो, पंपसोबत येतो तोच सगळ्यांना बसतो असं नाही, दुखतंय म्हणजे बरेचदा मापच चुकलेलं असतं.

*

दूध घरी आणण्याबद्दल लिहिते कारण माझे विमानप्रवास जास्त. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस, गोठवलेल्या आइसपॅकसकट कूलर बॅगेत 24 तास. फ्रीझरमध्ये 6 महिने उत्तम. एकदा वितळलं की फ्रिजमध्ये ठेवून 24 तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. हॉटेलच्या खोलीतला छोटा फ्रिज धड गार होत नाही, मी रिसेप्शनला सांगून किचनच्या फ्रिजमध्ये ठेवते, डब्यावर नाव आणि खोली नंबर.

सिक्युरिटीला हँडबॅगेतल्या द्रवासाठीचा 100 मिलीचा नियम दाखवतात तेव्हा वाद घालत बसू नका, त्या विमानतळाचा नियम प्रिंट करून न्या. अमेरिकेत बाळ सोबत नसलं तरी आईचं दूध आणि आइसपॅक हँडबॅगेत चालतात. ब्रिटनमध्येही बाळाशिवाय चालतं पण गोठवलेलं हँडबॅगेत चालत नाही, म्हणजे नियम जागोजाग वेगळे. एका ठिकाणी सिक्युरिटीच्या माणसाने बाटली उघडून हुंगायला घेतली, तेव्हा मात्र मी आवाज चढवला आणि सुपरवायझरला बोलावून घेतलं. एक्स-रेने दुधाला काही होत नाही.

*

बाबाने लिहिलं तर चालेल ना? बायको फिरतीवर असताना मी आणि आई घरी. लेक बाटली तोंडात धरेना, आईने चमच्याने पाजून बघितलं, थोडं गेलं. मग कळलं की तिला बऱ्यापैकी ताठ बसवून बाटली आडवी धरायची, थोडं पिऊ दिलं की खाली घ्यायची, तिच्या चालीने. त्यात गोठवलेलं दूध वितळवल्यावर साबणासारखा वास. आम्हाला वाटलं नासलं, पण ते दुधातलं फॅट फोडणाऱ्या लायपेज नावाच्या एन्झाइममुळे होतं, प्यायला चालतं, फक्त काही बाळांना आवडत नाही, आमच्या बाईसाहेब त्यातल्याच. उपाय म्हणजे काढल्या काढल्या कडेला बुडबुडे येईपर्यंत गरम करून, उकळू न देता, लगेच गार करून गोठवायचं. दिवसा अगदी थोडं प्यायची आणि बायको परत आली की रात्रभर तिला चिकटून. वसुली! बायकोची झोप गेली पण दूध टिकलं ते त्या रात्रींमुळेच असं तिचं म्हणणं आहे.

*

सगळ्यांसारखा साठा मला जमला नाही. प्रवासात काढलेलं बरेचदा ओतून दिलं, कारण दोन विमानं बदलून ते सांभाळायची ताकद नव्हती, घरी त्या दिवसांत फॉर्म्युला, मी आले की अंगावर. ओतताना पहिल्यांदा रडू आलं, नंतर नाही. काढायचं ते दाटू नये आणि आटू नये म्हणून, थेंबन् थेंब घरी पोचलाच पाहिजे असं कोणी ठरवलं?

*

वरच्या ताईंना अनुमोदन. माझं वेगळंच. लांबच्या रस्त्यावर गाडी अडकली, वेळ टळली, रात्री थंडी वाजून ताप आणि एका बाजूला लाल चट्टा. मला सगळ्यांनी शेक आणि जोरात चोळ सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या उलट, गार पट्टी ठेव, चोळू नकोस, आणि रिकामं करायच्या नादात जास्तीचं काढू नकोस, त्याने सूज वाढते. पाजणं चालू ठेवलं, बाळाला त्याने काही होत नाही. पाजताना चालणारं अँटिबायोटिक मिळतं, पण डॉक्टरला आधीच सांगा की पाजतेय, नाहीतर काही जण सरळ बंदच करायला सांगतात.

*

पुढच्या आठवड्यात माझी पहिली फिरती. पंपचे पार्ट हॉटेलात कसे धुता? बेसिनमध्ये धुवायला नको वाटतं.

*

बेसिनमध्ये नकोच. एक छोटं प्लास्टिकचं टब फक्त त्यासाठी ने, बॅगेत काही जागा खात नाही, कपडे भरता येतात त्यात. ब्रश वेगळा. गरम पाणी आणि साबण, मग स्वच्छ टॉवेलवर वाळू दे, पुसू नकोस. बाळ केवढं आहे? 2 महिन्यांच्या आतलं असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुक पण कर. आणि वॉल्व्हचा जास्तीचा सेट ठेव, तो इवलासा रबरी तुकडा सिंकमध्ये वाहून गेला की पंप नुसता घरघर करतो.