खोट्या अर्थांचा खेळ: वर्गात खेळवावा की नाही?

साखळीकर
चवथीला आमच्या घरी मुंबई-पुण्याची भावंडं जमतात. आरत्या, फुगड्या आटोपल्या की मुलं शब्दकोश घेऊन बसतात. एकानं कोशातून कुणालाच ठाऊक नसेल असा शब्द काढायचा, बाकीच्यांनी त्याचा खरा वाटेल असा अर्थ रचून चिठ्ठीवर लिहायचा. खरा अर्थ त्यातच मिसळून सगळ्या चिठ्ठ्या एका सुरात वाचायच्या आणि मतं घ्यायची. खरा ओळखला तर दोन गुण, आपल्या थापेला मत पडलं तर दर मतामागे एक. इंग्रजीत हा खेळ जुना; कॅनडात १९८४ साली तो ‘बाल्डरडॅश’ नावानं पेटीत घालून बाजारातही आला.

माझं म्हणणं, गोव्यातल्या मराठी शाळांनी तो मुद्दाम खेळवावा. यंदा ‘पीलखाना’ निघाला. चिठ्ठ्या होत्या ‘तेल गाळण्याची जागा’, ‘दारूगोळ्याचे तळघर’, ‘हत्ती बांधण्याची जागा’, ‘जखमी सैनिकांची पडवी’. सगळ्यांत जास्त मतं तळघराला पडली, कारण भाच्यानं आधी ‘पु.’ आणि शेवटी कंसात ‘फा.’ लिहिलं होतं! एरवी कोशाला हात न लावणारा मुलगा, पण कोशात लिंग कुठं देतात, मूळ भाषा कुठं देतात, हे त्यानं त्यासाठी पाहून ठेवलं. आणि फारसीत पील म्हणजे हत्ती, हे आता त्या घरात कुणी विसरायचं नाही.

फोंड्याच्या बाई
घरी खेळा, वर्गात नको. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी कोंकणी, चौथीनंतर माध्यम इंग्रजी, मराठी उरते एका तासापुरती. त्या तासात ‘अपवाद’ आणि ‘अपवाह’ यांत घोळ होतो, तो आधी निस्तरायचा असतो. खोटा अर्थ नटवून लिहिला आणि त्याला टाळ्या पडल्या की तोच डोक्यात बसतो. खरा अर्थ शेवटी घाईत उरकला जातो.

चुकीचा अर्थ किती चिवट असतो ते पाहा. वेब्स्टरच्या १९३४ च्या मोठ्या इंग्रजी कोशात ‘डॉर्ड’ हा शब्द ‘घनता’ या अर्थानं छापला गेला. असा शब्दच नव्हता. घनतेसाठी मोठा किंवा छोटा ‘डी’ वापरतात, एवढंच सांगणारी ‘D or d’ अशी ती चिठ्ठी होती; ती जोडून एकच शब्द म्हणून वाचली गेली. ते ध्यानात आलं १९३९ मध्ये. तज्ज्ञांच्या हातून निसटतं, तिथं सहावीतल्या मुलाचं काय?

साखळीकर
बाई, ‘डॉर्ड’ टिकला कारण त्या चिठ्ठीवर कुणी शंकाच घेतली नाही. या खेळात प्रत्येक अर्थ संशयानंच ऐकावा लागतो. मुलांना हीच सवय लागायला हवी आहे.

चोडणचा शेतकरी
मला आक्षेप आहे तो शब्दांच्या निवडीला. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश उघडला काय आणि दाते-कर्व्यांचा मराठी कोश उघडला काय, तुमचा हात दरबारी शब्दांवरच जातो. ‘अबदागीर’ काढा. शहरातली मुलं थापा रचत बसतील. आमच्या वाडीवरच्या मुलानं ते मानाचं छत्र देवाच्या पालखीबरोबर मिरवताना पाहिलेलं असतं.

आणि खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातलं ‘मानस’? बांधाला बसवलेलं लाकडी दार. भरतीला पाण्याच्या दाबानं आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, म्हणून खारं पाणी शेतात शिरत नाही. पणजीच्या मुलांना विचारा, मन म्हणतील. खरे अर्थ सांगणारी माणसं हयात असताना खोटे रचण्यात रात्र का घालवावी? माटोळीला, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगतात त्या चौकटीला बांधलेल्या एकेका रानफळाचं नाव आजीकडून लिहून घ्या. मला ते शंभर पटीनं महत्त्वाचं वाटतं.

फोंड्याच्या बाई
पूर्ण सहमत. हा उपक्रम मी उद्या घ्यायला तयार आहे.

साखळीकर
मग ‘मानस’च खेळात घ्या ना! नुसती यादी लिहून आणली की वहीत पडून राहते. तीन थापांमध्ये खरं मानस ओळखायचं असेल, तर मुलगा पाण्याचा, बांधाचा, शेताचा विचार करेल. खरा अर्थ तुम्ही स्वतः येऊन सांगा.

चोडणचा शेतकरी
येईन. पण वर्गात नको, मुलांना बांधावर आणा. ओहोटीची वेळ धरून या.

फोंड्याच्या बाई
बांधावर आणते. खेळाला मात्र माझ्या अटी. मोबाइल बाहेर, कारण मोल्सवर्थ आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर क्षणात सापडतो. खरा अर्थ फळ्यावर, वाक्यात वापरून. आणि खोट्या चिठ्ठ्या तिथंच फाडायच्या.

साखळीकर
पहिल्या दोन मान्य. चिठ्ठ्या फाडायला माझा सक्त विरोध आहे. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलानं नेमक्या मराठीत रचलेली ती व्याख्या असते. वर ‘खोटा अर्थ’ असं लिहा आणि वहीत चिकटवू द्या.