दुचाकीवरचं बिऱ्हाड: तंबू, पथारी आणि फसगती (अनुभव धागा)

दीडशे_सीसी

मंडळी, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निघतोय. पुणे, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, चिपळूण, गुहागर, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत. गाडी दीडशे सीसीची, मी एकटा. तंबू घ्यायचाय. दुकानदार सगळ्याच तंबूंना 'एकदम वॉटरप्रूफ' म्हणतो, तेव्हा ते राहू द्या. तुम्ही काय घेतलंत, कुठे फसलात आणि कुठली वस्तू पुन्हा कधी नेली नाहीत, ते लिहा.

सुरुवात माझ्यापासून. गेल्या जानेवारीत पवना धरणाच्या काठावर मित्राच्या एकपदरी तंबूत झोपलो. पहाटे तोंडावर टपटप पाणी. पाऊस नाही, काही नाही. तंबू गळतोय म्हणून मित्राला शिव्या घातल्या. नंतर कळलं, तो माझाच रात्रभराचा श्वास होता.

घाटमाथा

पवनेत तंबूइतकीच जागाही चुकली. थंड हवा जड, ती उतारानं पाण्याकाठी येऊन बसते. थोडं वर, झाडाच्या आडोशाला दव निम्मं लागतं. तंबू दुपदरीच घ्या. आत जाळी, वर फ्लाय म्हणजे पाऊस अडवणारं कापड, आणि दोन्हींमध्ये तळहात उभा राहील एवढी फट. वाफ फ्लायला लागून बाहेरच्या बाहेर ओघळते. थंडी वाजते म्हणून फ्लायची खिडकी बंद करायची नाही. हे ऐकायला सोपं आहे, पहाटे तीनला पाळायला नाही.

लेबलवरचा ३००० मिमीचा आकडा म्हणजे पाण्याचा तेवढा उंच स्तंभ कापडानं तोलला. छताला त्याहून कमी चालतं. तळाला मात्र चांगला हवा, कारण ओल्या जमिनीवर आपण गुडघा टेकतो तो तिथे.

माझी फसगत तंबूची नव्हतीच, ताडपत्रीची होती. जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. खाली ऐसपैस ताडपत्री अंथरली, तंबूच्या चारी बाजूंनी वीतभर बाहेर. रात्री सर आली. फ्लायवरचं सगळं पाणी त्या वीतभर कडेवर पडलं आणि सरळ आमच्या पाठीखाली आलं. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहानच हवी, जास्तीची आत दुमडायची. एवढी अक्कल यायला एक रात्र उकिडवं बसावं लागलं.

सड्यावरचा

रत्नागिरीकडचा आहे, म्हणून सांगतो. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावर, खुंटी ठोकायला जाल तर खुंटी वाकेल, जांभा हलणार नाही. तंबू खुंट्यांशिवाय स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा हवा. दोऱ्या दगडांना बांधायच्या. वाळूत उलटं, खुंटी लोण्यात जावी तशी जाते आणि तशीच निघते. तिथे पिशवीत वाळू भरायची, गळ्याला दोरी बांधायची आणि हातभर खोल पुरायची. वारा सुटला तरी हलत नाही. पिशवी सकाळी काढून न्या, एवढी मेहेरबानी करा.

आणि दादा, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निघताय ना? लक्ष्मीपूजन अमावास्येचं. तुम्ही गुहागरला पोचाल तेव्हा अमावास्येचं उधाण ओसरलेलं नसेल. वाळूवर काटक्या आणि सुकलेल्या कचऱ्याची एक रेघ दिसते, तिच्याही बऱ्यापैकी वर झोपा. त्याआधी गावात कुणाला तरी विचारा. माडाखाली तंबू लावू नये, हे सांगावं लागतं याचंच नवल वाटतं.

जाडजूड स्लीपिंग बॅग आणू नका, घामानं भिजाल. एक चादर पुरे.

गोदाकाठची

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा. सप्टेंबरात मनाली–लेह केलं. स्लीपिंग बॅगवर ठळक अक्षरांत उणे पाच लिहिलं होतं, मी खूश. सरचूला, साधारण ४३०० मीटरवर, रात्रभर दात वाजले. परत आल्यावर लेबल नीट वाचलं. उणे पाच हा 'लिमिट'चा आकडा, आणि तो धरतात अंगाचं मुटकुळं करून झोपलेल्या पुरुषावर. बाईमाणसानं 'कम्फर्ट'चा आकडा बघायचा. तो शेजारी बारीक अक्षरात होता, शून्य.

त्यातून मॅट पातळ. थंडी वरून येते असं आपल्याला वाटतं, खरी ती जमिनीतून चढते. बॅगचा पाठीखालचा भाग दबून चपटा होतो, त्याची ऊब जाते. पैसे कमी असतील तर बॅग जरा साधी चालेल, मॅट चांगली घ्या.

सकाळी चहा करायला गेले तर स्टोव्ह पेटेना. साधा ब्यूटेनचा डबा होता. ब्यूटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचंच थांबतं. दुसऱ्या रात्री डबा बॅगेत पायाशी घेऊन झोपले, मग पेटला. तंबूच्या आत मात्र स्टोव्ह कधीही नाही, धुराचा वास आला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

साडेतीन किलोचा तंबू चौदा दिवस वागवला आणि दोनदा लावला. बाकीच्या रात्री धाब्यांच्या पॅराशूट तंबूंमध्ये, रजयांच्या ढिगाखाली. तिथली मॅगी आणि रजई, दोन्हींना तोड नाही.

स्प्लेंडरवाला_कोल्हापूर

वजनाचं सगळे बोलतात, लांबीचं कोणी बोलत नाही. तंबूच्या मिटलेल्या दांड्या किती लांब आहेत ते मोजा. आडव्या बांधल्या आणि पिशवीबाहेर आल्या की घाटात समोरून एसटी आल्यावर अंग चोरावं लागतं. जड सामान खाली आणि पाठीला लागून. मागच्या कॅरियरवर पाण्याचा कॅन चढवला की अणुस्कुरा घाटात हँडल हलकं लागतं, नको वाटतं.

माझी उजवी सॅडलबॅग, म्हणजे सीटच्या बाजूला टांगलेली पिशवी, सायलेन्सरला टेकून वितळली. आत रेनकोट होता. रेनकोट आणि पिशवी आता एकच वस्तू आहे.

हुकवाले बंजी (सामान बांधायचे ताणाचे दोर) सोडले, एकाचा हुक सुटून भुवईवर दोन टाके पडले. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, कात्रीनं पट्ट्या कापल्या. फुकट, सरकत नाहीत, पावसात टिकतात. रात्री गाडी लावताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा. भिजलेल्या मातीत स्टँड हळूहळू रुततो आणि गाडी तंबूच्या बाजूला झुकलेली असते.

स्टुटगार्टचा_पुणेकर

इथे जर्मनीत वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही, कॅम्पिंगच्या जागेचं भाडं भरायचं. म्हणून गेल्या जूनमध्ये नॉर्वेला गेलो. तिथे मोकळ्या, लागवड नसलेल्या जमिनीवर राहत्या घरापासून १५० मीटर लांब दोन रात्री खुशाल राहा, कोणी विचारत नाही. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर खाली खडक, सड्यावरच्या भाऊंचा सल्ला तिथेही लागू. जूनमध्ये सूर्य मावळत नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाच्या तयारीत डोळ्यांवरची पट्टी तेवढी विसरलो, शेवटी गळ्यातला बफ (नळीसारखा रुमाल) डोळ्यांवर ओढून झोपलो.

देऊळवाले_काका

मी तंबू विकला. आता मारुतीच्या देवळाचा सभामंडप नाहीतर शाळेची पडवी. दिवस मावळायच्या आत गावात शिरायचं, पोलीस पाटलांना नाहीतर पुजाऱ्याला विचारायचं, गाडीचा नंबर आपणहून सांगायचा. बहुतेक वेळा 'जेवलात का?' हाच प्रश्न येतो. काकड आरतीला उठवतात, तेवढी तयारी ठेवा. सामान काय? सतरंजी, मच्छरदाणी, बॅटरी. जंगलखात्याच्या जागेत आणि संरक्षित किल्ल्यांवर न विचारता मुक्काम करणाऱ्यांमुळेच पुढच्यांना पाट्या वाचाव्या लागतात.

दीडशे_सीसी

काका, मच्छरदाणी यादीत घेतली. कोल्हापूरकर, आत्ता टेप लावून आलो. सॅडलबॅगची आतली लांबी ४६ सेंटिमीटर. मी ज्याचे आगाऊ पैसे देऊन बसलोय त्या तंबूच्या दांड्या ५८. उद्या दुकान उघडायच्या वेळेला दारात उभा आहे, टेप बरोबर घेऊन.