एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद, उपाय काय?

कृष्णाकाठ: सांगलीत गावभागात आमचं जुनं घर. गणपतीत लावायची चाळीस बारक्या बल्बांची माळ आहे. एक गेला की सगळा अंधार, मग चांगला बल्ब हातात घेऊन एकेका होल्डरात घालून बघत बसायचं. २०१९ च्या पुरात भिजल्यापासून जास्तच. एलईडी आणा म्हणू नका, आईला पिवळाच उजेड लागतो. एक गेला तरी बाकीचे चालू राहतील असं काही करता येतं का?

तासगावचा: सोपंय. गेलेल्या बल्बच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी दाबून बसवा. मंडळात आम्ही तेच करायचो.

वायरमन, विश्रामबाग: पेटते हो माळ चांदीनं, पण हिशेब बघा की. २३० व्होल्ट चाळिसात वाटले की एकेकाला पावणेसहा. चार ठिकाणी चांदी कोंबली की उरलेल्या छत्तिसांना ६.४. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यानं फिलामेंटचं आयुष्य चौथाईवर येतं. मग पाचवा लवकर जातो, सहावा त्याहून लवकर. शिवाय चांदी हातानं बसवताना प्लग काढलेला नसला तर संपलंच.

तुम्ही म्हणता ती सोय बल्बातच मिळते. भिंगातून बघा, फिलामेंटखाली दोन उभ्या तारांना बारीक तारेचे वेढे असतील तर तो शंटवाला, म्हणजे करंटला बाजूची वाट असलेला. त्या तारेवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, सहा व्होल्टला तो दाद देत नाही. फिलामेंट तुटलं की करंट थांबतो आणि सगळे २३० त्या एकट्या बल्बवर येतात. थर फुटतो, वेढा जोडला जातो, माळ परत चालू. वेढे नसतील तर तसे बल्ब बघून घ्या, व्होल्ट मात्र तेवढेच. आणि शंटनं माळ चालू राहिली म्हणून मेलेला बल्ब तसाच ठेवू नका, वरचा हिशेब तिथंही लागू.

विमानतळाच्या धावपट्टीचे दिवेसुद्धा सिरीजमध्येच, म्हणजे माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात. तिथं प्रत्येक दिव्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि करंट कायम तेवढाच राखलेला, पूर्ण उजेडाला ६.६ अँपिअर. एक गेला तरी बाकीच्यांवर भार येत नाही. आपल्या माळेला एवढा थाट कोण करणार!

तुमच्या माळेत मला होल्डरचाच संशय जास्त. पुराच्या पाण्यानं आतल्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज धरतो. पट्टीच टेकली नाही तर शंट बिचारा काय करणार? प्लग काढून बारीक पॉलिश पेपरनं घासा, पट्ट्या जरा वर उचला.

तासगावचा: एलईडीच्या माळेला हा शंट चालेल का?

वायरमन, विश्रामबाग: नाही. तिथं प्रत्येक एलईडीला उलटा झेनर जोडायचा, म्हणजे ठराविक व्होल्ट झाल्यावरच उलटा करंट सोडणारा डायोड. पांढऱ्याला तीनेक व्होल्ट लागतात, म्हणून ४.७ चा घ्या. एलईडी गेला की करंट झेनरमधून जातो. मात्र माळेला आधी ब्रिज हवा, म्हणजे एसीचा डीसी करणारे चार डायोड. सरळ एसीवर असेल तर उलट्या फेऱ्यात सगळे झेनर एकदम चालू होतील आणि माळेतला करंट आवरणारा रेझिस्टन्स जळेल.

कृष्णाकाठ: भिंगातून पाहिलं, वेढे आहेत. होल्डर उघडला तर पट्टी पार हिरवी. पॉलिश पेपर आणायला चाललोय.