दियानहोंग चहा तुरट होतोय, वर तवंगही येतोय

कोरा_घोट (राजारामपुरी):
चीनच्या युन्नान प्रांतातला दियानहोंग, म्हणजे तिकडचा काळा चहा आणलाय, सोनेरी कळ्या भरपूर. २ कप बोअरचं पाणी, २ चमचे पत्ती, ५ मिनिटं उकळून गाळतो. दूध-साखर नाही. रंग काळपट, घोट घेतला की जीभ आखडते, निवायला लागला की वर तवंग. पुडीला वास मात्र छान गोड आहे. पत्ती खराब की पद्धत चुकतेय?

आधण:
पत्ती चांगली आहे भावा. हा चहा उकळायचा नसतो, भिजवायचा असतो. दुधाच्या चहात दुधातलं प्रथिन तुरटपणा धरून ठेवतं; कोऱ्या चहात तो थेट जिभेवर येतो. त्यात दियानहोंग मोठ्या पानाच्या, आसामच्याच जातीच्या झाडाचा, म्हणजे तुरट द्रव्यं मुळातच जास्त. ५ मिनिटं उकळलं की ती सगळी उतरतात आणि सुगंध वाफेबरोबर जातो.

चमच्यानं मोजू नका, लांब पिळाची पत्ती चमच्यात पोकळ बसते. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. २०० मिलीला ३ ग्रॅम. कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर, त्यामुळं आपल्याकडं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून झाकण काढा, मिनिटभर थांबा. कप गरम पाण्यानं विसळा. पत्ती, पाणी, वर झाकण, ३ मिनिटं. मग शेवटच्या थेंबापर्यंत गाळा. पत्तीवर पाणी साचून राहिलं की पुढचा कप कडू होतो.

पंचगंगा_काठ:
तवंगाचं कारण पाणी. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम चहातल्या द्रव्यांशी जुळून पृष्ठभागावर पापुद्रा धरतं, रंगही त्यानंच काळवंडतो. लिंबाच्या थेंबानं पापुद्रा विरतो, पण चवही बदलते, म्हणून तो उपाय नको. नुसतं आरओचं पाणीही नको, चहा सपक लागतो. आरओ ३ भाग, नळाचं १ भाग असं करून बघा.

पापुद्रा नसताना चहा निवल्यावर आतून गढूळ झाला तर मात्र घाबरू नका. कॅफिन आणि थिआफ्लेविन (काळ्या चहातलं रंगद्रव्य) एकत्र येऊन तसं होतं, ते दमदार चहाचं लक्षण. गाळणीवर सोनेरी भुकटी दिसली तर ती कळ्यांवरची लव, धूळ नव्हे.

कोरा_घोट:
३ मिनिटांचा कप जमला, तुरटपणा गेला! झाकणाच्या चिनी वाटीत, म्हणजे गायवानमध्ये, कसा करायचा? आणि चवीत नेमकं काय शोधायचं?

आधण:
१०० मिलीच्या गायवानला ५ ग्रॅम. पहिलं पाणी १० सेकंद, दुसरं १०, तिसरं १५, मग दर वेळी ५-१० सेकंद वाढवा. ५-६ पाणी सहज निघतात. वाटी काठोकाठ भरू नका, बोटं भाजतात.

चवीसाठी आधी झाकणाच्या आतल्या बाजूचा वास घ्या, कपापेक्षा तिथं तो स्पष्ट कळतो. मग रश्श्याला मारतो तसा जोरात भुरका. हवा मिसळली की वास घशामागून नाकात चढतो. दियानहोंगात भाजलेलं रताळं, मध आणि ताज्या काकवीचा गोडवा शोधा. चीनच्याच आनह्वेई प्रांतातला कीमून चहा जास्त नाजूक, गुलाबाच्या अंगानं जाणारा. फूच्येन प्रांतातला लापसांग चहा पाइनच्या धुरावर वाळवलेला असेल, तर पहिल्याच वासात कळतो. जेवणानंतर लगेच चव घेऊ नका, तिखटानं जीभ बधिर असते.

पंचगंगा_काठ:
पावसाळ्यात पुडी उघडी नको. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, आणि कांदा-लसूण मसाल्याच्या फडताळापासून लांब. पत्ती दुसऱ्याचा वास फार लवकर ओढून घेते.